बघायला निघालो टॉवर, दिवस गेला गल्लीत: शेनझेन सहलीचं प्रकरण

आमचा हाँगकाँगमधल्या मराठी लोकांचा एक ग्रुप आहे, रजिस्टर्ड वगैरे काही नाही, गणपतीला आरती, दिवाळीला फराळ आणि वर्षातून दोन-तीनदा सहल. दरवेळी सहलीआधी कोणीतरी म्हणतं की या वेळी नुसतं बीचवर जाऊन डबे खायचे नाहीत, आणि दरवेळी आम्ही बीचवर जाऊन डबे खातो. गेल्या डिसेंबरमधे मात्र खरंच वेगळं केलं. ग्रुपमधे एक आर्किटेक्ट मुलगी आहे, पुण्याची, इथं नोकरी करते, तिनं विषयच टाकला: स्थलांतर आणि आजचं चिनी आर्किटेक्चर, एक दिवस, शेनझेन. बॉर्डरपलीकडे तर आहे, आणि आपण सगळे स्वतःच स्थलांतरित, मग का नाही? 23 जणांनी नावं दिली. बुकिंग, पैसे, बस ही सगळी हमाली माझ्याकडे. तर हे लिहितेय ते ग्रुपमधे नंतर जी चर्चा झाली त्यासाठी, कारण प्लॅन जसा होता तसा अजिबात झाला नाही, आणि जे झालं त्याबद्दल तीन जणांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगायला सुरुवात केली होती.

मूळ प्लॅन असा. सकाळी 9 ला बॉर्डर, 10:30 ला पिंग आन टॉवरच्या वरच्या मजल्यावर, मग शुईवेई नावाचं एक गाव, मग जेवण, मग नानतोउ जुनं शहर, संध्याकाळी तैलचित्रांचं दाफेन गाव, रात्री 8 ला परत. गाव म्हणतेय खरी पण ही गावं शहराच्या आत आहेत, त्यावर पुढे येतेच. पिंग आन म्हणजे 599 मीटरचा टॉवर, 2017 चा, आधी त्यावर शेंडा लावून 660 पर्यंत नेणार होते पण विमानांच्या वाटेमुळे तो शेंडा रद्द झाला. सगळ्यात जास्त उत्साह ह्याचाच होता हे कबूल करायला हवं. माझासुद्धा.

पहिला गोंधळ बॉर्डरवरच. आम्ही लोक मा चाऊवरून गेलो, तिथं हाँगकाँगची ट्रेन संपते, नदीवरचा बंदिस्त पूल चालत ओलांडला की पलीकडे शेनझेनचा फुतियेन जिल्हा. आता आमच्यात तीन प्रकारची माणसं होती. आमच्या मजल्यावर राहणाऱ्या आंटी, ज्या दुभाषी म्हणून हौसेनं आल्या होत्या, त्यांच्याकडे हाँगकाँगच्या चिनी लोकांना मिळतं ते कार्ड, त्याच्या बोलण्यातल्या चिनी नावाचा अर्थच मुळी गावी परतायचं कार्ड असा आहे. मग आमच्यातले जे 7 वर्षं पूर्ण करून पर्मनंट झालेत त्यांच्यापैकी 13 जणांकडे नवीन कार्ड, जे जुलै 2024 पासून चिनी नागरिक नसलेल्या पर्मनंट लोकांनाही मिळायला लागलं, पासपोर्ट भारताचाच पण मशीनच्या गेटमधून जाता येतं, एका वेळी 90 दिवस राहता येतं. आणि उरलेले 9 जण व्हिसावाले, म्हणजे नुकतेच आलेले, आणि एकाचे वडील, आमचे काका, वय 70 च्या जरा आत, मुलाकडे आलेले. कार्डवाले दहा मिनिटांत पार. व्हिसावाल्यांची वेगळी लाइन, अरायव्हल कार्ड भरा, बोटांचे ठसे द्या, काकांचे ठसे मशीनला उमटेचनात, परत हात पुसा, परत ठेवा. आम्ही पलीकडे सव्वा तास उभे.

तेवढ्यात टॉवरचा स्लॉट गेला. ज्या एजंटनं तिकिटं काढली होती (नाव घेत नाही) त्यानं स्लॉट बदलता येतो असं सांगितलं होतं, तो बदलता येत नव्हता, पैसेही परत नाहीत. ग्रुपवर थोडी चिडचिड झाली. कोणीतरी म्हणालं की कार्डवाल्यांनी पुढे जाऊन बघून यावं, बाकीच्यांनी खाली थांबावं, त्यांना पुढच्या वेळी. मी जवळजवळ हो म्हणणार होते. आर्किटेक्ट मुलगी म्हणाली, "ताई, विषय काय घेतलाय आपण? आणि पहिल्याच तासात कागद बघून माणसं वेगळी करायची?" मग टॉवर सगळ्यांचाच रद्द. दोघंतिघं दिवसभर नाराज होते, ते असो.

बसमधे तिनं जे सांगितलं ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्यानं त्या सव्वा तासाकडे बघायची नजर बदलली. शेनझेनला 1980 मधे स्पेशल इकॉनॉमिक झोन केलं, ते आपण सगळे ऐकून असतो. पण त्या झोनला हाँगकाँगच्या बाजूची बॉर्डर होती तशीच मागच्या बाजूला, म्हणजे उरलेल्या चीनच्या बाजूला, दुसरी बॉर्डर होती. जवळपास 85 किलोमीटर तारेचं कुंपण, चेकपोस्ट. सिचुआन किंवा हुनानमधून कामाला येणाऱ्या चिनी माणसाला स्वतःच्याच देशातल्या ह्या शहरात शिरायला परमिट लागायचं. पुढे पुढे ते नावापुरतं उरलं, पण कागदोपत्री रद्द झालं ते थेट 2018 मधे. आणि आत शिरलं तरी हुकोउ, म्हणजे कुटुंबाची नोंदणी, ती गावाकडचीच राहायची, त्यावर मुलांची शाळा, सरकारी घर, सगळं अवलंबून. 2020 च्या जनगणनेत शेनझेनची लोकसंख्या 1.75 कोटींच्या वर निघाली, त्यातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांची नोंदणी तिथली नाही. म्हणजे शहरच परगावच्यांचं.

बसमधे एजंटनं दिलेला एक गाइडही होता, त्यानं माइक घेऊन ती ठरलेली गोष्ट सांगितली की शेनझेन हे 40 वर्षांपूर्वी एक छोटंसं मच्छीमारांचं खेडं होतं. ऐकायला छान वाटतं. पण हे खरं नाही. तो बाओआन नावाचा अख्खा तालुका होता म्हणा, तीन लाखांवर माणसं, शेकडो गावं, भातशेती, ऑयस्टर. आणि हे फक्त इतिहासाच्या मार्कांसाठी महत्त्वाचं नाही, त्या शेकडो गावांमुळेच पुढचं सगळं झालं.

शुईवेई

झालं असं की सरकारनं शहर बांधायला शेतं घेतली, पण गावठाण गावकऱ्यांकडे राहिलं. (आपल्याकडे मुंबईत कोळीवाडे-गावठाणं जशी टॉवरच्या मधे अडकलीत तसं, फक्त इथं उंच.) शेती गेली, हातात उरली घराखालची जागा, आणि समोर रोज हजारो माणसं कामाला येतायत ज्यांना राहायला कुठंच नाही. गावकऱ्यांनी दोन मजल्यांची घरं पाडून सहा, सात, आठ मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. प्लॉट केवढे, साधारण दहा बाय दहा मीटर. तळमजल्याला गल्ली सोडलेली, पण पहिल्या मजल्यापासून वर प्रत्येकानं थोडं थोडं पुढे काढलेलं, त्यामुळे वर जाईल तशी गल्ली मिटत जाते. दोन बिल्डिंगांतली माणसं खिडकीतून एकमेकांचा हात हातात घेऊ शकतात म्हणून चिनी लोक ह्यांना हस्तांदोलनाच्या बिल्डिंगा म्हणतात. आणि गल्लीतून वर बघितलं की आभाळाची जी चिंधी दिसते तिला म्हणतात एक धागा आभाळ. शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं अशा शहरातल्या गावांत राहत आलीयेत, म्हणजे शेनझेनची खरी परवडणारी घरं ना सरकारनं बांधली ना कुठल्या आर्किटेक्टनं, ती निवृत्त शेतकऱ्यांनी बांधली.

शुईवेई हे त्यातलं जरा सरळ रेषेत बसवलेलं गाव, फुतियेन चेकपोस्टपासून अगदी जवळ. गल्ल्या तशा बऱ्या रुंद. आमच्यातल्या एका नऊ वर्षांच्या पोराला हस्तांदोलनाची गोष्ट फार आवडली होती, तो प्रत्येक गल्लीत मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरून बघायचा, इथं काही पोचले नाहीत, बिचारा हिरमुसला.

इथं बघण्यासारखं म्हणजे 29 अशा बिल्डिंगांचं केलेलं नूतनीकरण. डोफिस नावाच्या शेनझेनच्याच फर्मनं केलं, 2017-18 च्या सुमारास. बिल्डिंगा पाडल्या नाहीत. मधल्या फटीत लिफ्ट बसवल्या, वरच्या मजल्यांना स्टीलच्या पुलांनी एकमेकींना जोडलं, भडक रंग, गच्च्यांवर झाडं आणि कपडे वाळत घालायची जागा, आणि आत 504 खोल्या तरुण नोकरदारांसाठी. बाहेरून बघितलं तरी कळतं की चांगलं काम आहे. लिफ्ट बसवायची म्हणून भिंत पाडायची तर तिथं काहीच पाडायला नाही, फट आधीपासून होतीच, ती फटच लिफ्टचा खड्डा झाली! आमची आर्किटेक्ट मुलगी हे सांगताना इतकी खूश होती की मला वाटलं हीच आजची हायलाइट.

काकांनी विचारलं, खोली केवढी?

ती म्हणाली, लहानात लहान 15 चौरस मीटर.

"फुटात सांग."

तिनं मोबाइलवर गुणाकार केला. 161.

काका हसायलाच लागले. काकांचं अर्धं आयुष्य नायगावच्या बीडीडी चाळीत गेलंय, आणि बीडीडीची खोली 160 चौरस फूट, हे मुंबईत ज्यांचं कोणी बीडीडीत राहिलंय त्या सगळ्यांना पाठ असतं. "अगं ही तर आमचीच खोली, आम्ही आठ जण होतो, आणि सुट्टीत गावाकडचे आले की अकरा." आजूबाजूचे दोघंतिघं लगेच चाळीच्या आठवणींत घुसले आणि मला वाटलं गेला आता अर्धा तास, पण काका स्वतःच थांबले आणि दुसरा प्रश्न विचारला, जो खरं तर आमच्यापैकी कोणाला तरी आधी सुचायला हवा होता. ह्या 504 खोल्यांत आधी जे राहत होते ते कुठं गेले?

त्याचं उत्तर तिनं सरळ दिलं. घरमालक गावकऱ्यांनी जागा गावाच्या कंपनीकडे दिली (प्रत्येक गावाची अशी शेअरहोल्डर कंपनी असते, गावकरी भागधारक), कंपनीनं डेव्हलपरकडे, त्यांनी दुरुस्त करून फुतियेन जिल्हा सरकारकडे, आणि सरकारनं टॅलेंट म्हणून पात्र ठरलेल्या लोकांना सवलतीच्या भाड्यानं. आधीचा भाडेकरू, डिलिव्हरीवाला, भाजीवाली, हॉटेलात भांडी घासणारा, तो ह्या साखळीत कुठेच नाही. त्याच्याशी करारच नाही तर त्याला विचारणार कोण. तो खोली सोडतो आणि आणखी लांबच्या गावात जातो.

काका म्हणाले, "म्हणजे आमच्या उलट." ह्यावर परतीच्या प्रवासात आणि नंतरही खूप बोलणं झालं म्हणून इथं थोडं लिहिते. बीडीडीतही माणसं भाडेकरूच, मालक सरकार. पण पुनर्विकासात खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं मालकीचं घर त्या भाडेकरूला मिळतंय, वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मधे चाव्या मिळाल्या. त्याला किती दशकं लागली, मधे किती मोर्चे झाले, किती जण वाट बघत गेले, हे सगळं खरंच. पण भाडेकरू हा पक्षकार होता. त्याच्याकडे भाडेपावती होती, युनियन होती, मत होतं. शुईवेईचं काम बीडीडीच्या टॉवरपेक्षा दहापट देखणं आहे असं माझं प्रामाणिक मत, जुनं न पाडता केलंय, डोकं वापरून केलंय, आणि तरी त्या देखणेपणात एक माणूस वजा आहे. ग्रुपमधले एकजण ह्यावर म्हणाले की तुम्ही उगाच चाळीचं गाणं गाता, बीडीडीचं प्रकरण जितकी वर्षं लटकलं तेवढ्यात ह्यांनी शहर उभं केलं. तेही खोटं नाही. ते भांडण मिटलेलं नाही.

तिथल्याच एका कोपऱ्यावर म्हातारे पत्ते खेळत बसले होते. आंटी त्यांच्याशी कँटोनीजमधे (हाँगकाँगची आणि ह्या भागातल्या मूळ लोकांची भाषा) बोलल्या आणि लगेच जमलं, हसणं-खिदळणं, कुठल्या तुम्ही, कुठला जिल्हा. आंटी येऊन म्हणाल्या, हे सगळे घरमालक. कसं कळलं विचारलं तर म्हणाल्या, कँटोनीज बोलतात ना.

बसमधून

शुईवेईहून नानतोउला जाताना बस शेननान रस्त्यानं गेली, शहराचा कणाच तो. शेअर बाजाराची बिल्डिंग दिसली, ओएमए ह्या डच फर्मनं केलेली, 2013 ची, तिचा खालचा चौथरा म्हणजे जो एरवी जमिनीवर असतो तो तीन मजली ठोकळा उचलून 36 मीटरवर टॉवरच्या कमरेला बांधलाय. सगळ्यांनी खिडकीतून फोटो काढले, फोटो सगळ्यांचे वाकडे आले.

पुढे बाइशिझोउ लागलं. म्हणजे जिथं बाइशिझोउ होतं ती जागा, क्रेन आणि नवीन टॉवर. हे शहरातलं सगळ्यात मोठ्या गावांपैकी एक, दीड लाखाच्या आसपास माणसं राहायची, शेनझेनला नवीन आलेल्या पोराचा पहिला पत्ता बऱ्याचदा इथलाच असायचा. 2019 मधे ते रिकामं करायला सुरुवात झाली. भाडेकरूंना काही आठवड्यांची मुदत, आणि आईबापांची सगळ्यात मोठी तक्रार घराची नव्हतीच, ती होती मुलांच्या शाळेची, कारण पत्ता बदलला की शाळेचं काय. घरमालक गावकऱ्यांना मोबदला भरपूर. शेनझेनमधे जागोजागी एक घोषणा लिहिलेली असते, "आलात की तुम्ही शेनझेनचे." बस सिग्नलला थांबली होती तेव्हा गाइडनं ती वाचून दाखवली आणि काकांनी मागून मराठीत विचारलं, "आणि किती दिवस?" गाइडला काही कळलं नाही, बस मात्र हसली.

नानतोउ

नानतोउला पोचेपर्यंत अडीच वाजले, पोरं भुकेनं रडायला टेकलेली. हे खरं जुनं शहर. 1394 मधे लष्करी ठाणं म्हणून तटबंदी बांधली, पुढे शिनआन नावाच्या जिल्ह्याचं ठिकाण, आणि आज जे हाँगकाँग आहे ते इंग्रजांनी घ्यायच्या आधी कारभारासाठी इथंच जोडलेलं होतं. मच्छीमारांच्या खेड्याची गोष्ट तिथल्या दक्षिण दरवाज्यापाशी उभं राहिलं की आपोआप गळून पडते. दरवाज्याच्या आत मात्र जुनं फार उरलेलं नाही, आत ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या त्याच हस्तांदोलनवाल्या बिल्डिंगा भरल्यात.

2017 मधे शेनझेन-हाँगकाँगचा आर्किटेक्चर बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारं प्रदर्शन, इथं भरला, अर्बनस ह्या फर्मनं मधल्या मैदानातल्या पत्र्याच्या शेड हलवून विटांच्या दोन बुटक्या इमारती आणि बसायला पायऱ्या केल्या. नंतर मोठा डेव्हलपर आला, मुख्य रस्ता चकाचक झाला, कॉफी, बेकरी, डिझाइनर कुंड्या. एका जुन्या फॅक्टरीचं डच फर्म एमव्हीआरडीव्हीनं रूपांतर केलं, तिच्यातून वरपर्यंत जिना कापून नेला आणि गच्चीवर बांबू लावले. आणि नेरी अँड हू ह्या शांघायच्या जोडीनं एक नऊ मजली भाड्याच्या खोल्यांची बिल्डिंग मधोमध चिरून तिच्यात उजेड आणला आणि मोजक्या खोल्यांचं गेस्टहाउस केलं. गल्ली उभी करून बिल्डिंगच्या आत घेतली अशी त्यामागची कल्पना. सुंदर आहे, मी खोटं कशाला बोलू. पण शुईवेईच्या त्या प्रश्नानंतर आमच्या सगळ्यांचेच डोळे जरा बिघडले होते, कोणीतरी लगेच बाहेरूनच मजले मोजून म्हणालं की इथं आधी किती कुटुंबं मावत असतील.

विटांच्या पायऱ्यांवर बसून डबे काढले. धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. (म्हणजे बीच सोडून सगळं तेच.) आर्किटेक्ट मुलगी म्हणाली की आपण स्थलांतरितांच्या गावात येऊन त्यांच्याकडे एक पैसा खर्च केला नाही, आणि ते सगळ्यांना लागलं, म्हणून सात-आठ जण आतल्या गल्लीतल्या नूडलच्या दुकानात गेलो. आंटी पुढे. आंटींनी कँटोनीजमधे सांगितलं, मांस नको, अंडं चालेल. दुकानदारीण नुसती बघत राहिली. आंटींनी परत सांगितलं, हळू. तिनं हसून मँडरिनमधे, म्हणजे चीनच्या सरकारी भाषेत, काहीतरी उत्तर दिलं जे आंटींना अर्धंच कळलं. ती बाई हुनानची. कामाला कर्मचारी दोन, तेही बाहेरचे. म्हणजे आजूबाजूला सगळा कँटोनीज मुलूख आणि मधे हे शहर मँडरिन बोलतं, कारण इथं कोणीच इथलं नाही. शेवटी फोनवरच्या ट्रान्सलेटरनं काम झालं, अंड्याच्या नूडल आल्या, त्यावर हुनानी लाल मिरची, काकांनी वर आपला ठेचा घातला आणि दुकानदारणीलाही चाखायला दिला. ती खोकली, मग अजून मागून घेतला.

तिथं बसल्यावर आंटींनी सांगितलं जे शेजारी असून सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील ह्याच बाओआनचे. सत्तरच्या दशकात रात्री खाडी पोहून हाँगकाँगला गेले, त्या काळी हजारोंनी जायचे, शहरात पोचलं तर राहू द्यायचे, मधे पकडलं तर परत पाठवायचे, तो नियम 1980 मधे बंद झाला. त्याच वर्षी इकडे झोन झाला, आणि तो करण्यामागे एक कारण हे पळून जाणंही होतं. आंटी म्हणाल्या, बाबा गेले तेव्हा इकडचं कोणी इथं राहायला मागत नव्हतं, आता मी आले तर मला नूडल मागता येत नाहीत. म्हणाल्या हसतच. मग कागदी ग्लासात गरम पाणी ओतून घेतलं आणि बराच वेळ त्यात बघत बसल्या.

आता माझी चूक. दुकानाच्या मागं खरी अरुंद गल्ली होती, आमच्या पोराचे हात अखेर दोन्ही भिंतींना टेकले, तो ओरडला, मी व्हिडिओ काढत होते ग्रुपसाठी. वरती ओल्या कपड्यांच्या काठ्या, वायरींचे जुडगे, एसीचं पाणी टपटप, आणि ती आभाळाची चिंधी. व्हिडिओ काढत काढत मी पुढे गेले आणि कॅमेरा तसाच एका उघड्या दारावरून फिरला. आत दुमजली पलंग, खालच्या पलंगावर गिऱ्हाइकाचे कपडे, शिलाई मशीन, राइस कुकर जमिनीवर, भिंतीला लहान मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो. सहा-सात सेकंद. बाई मशीनवरून उठली आणि बाहेर येऊन माझ्यावर ओरडली. भाषा कळायची गरज नव्हती. मी सॉरी सॉरी करत फोन खाली केला, तिच्यासमोर व्हिडिओ डिलीट केला, ती तरी बडबडत होती, आणि तिचं बरोबर होतं. काका मागून आले, तिला हात जोडले, मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "नायगावला कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन यायचं बघ. गॅलरीतून फिरायचे, फार छान, फार छान करत. आई माझी दार लावून घ्यायची, मे महिन्यातसुद्धा."

त्यानंतर आतल्या गल्ल्यांत कोणी फोन काढला नाही. दाफेन रद्द केलं, वेळही नव्हता आणि मनही नव्हतं. ज्यांना दाफेनच बघायचं होतं त्यांनी मला नंतर ऐकवलं.

आता परत केलं तर

ग्रुपवर ह्याची उजळणी झाली त्यातलं जे सगळ्यांना पटलं ते एवढंच की एका दिवसात एकच गाव घ्यायचं. तीन जागांचा हव्यास धरला की माणूस फक्त बिल्डिंगेचा बाहेरचा चेहरा बघतो. बॉर्डरला मिश्र ग्रुप असेल तर दोन तास धरा, आणि पहिल्या तीन तासांत तिकिटाचं काहीही ठेवू नका. दुभाषी मँडरिनचा हवाच, कँटोनीज असेल तर सोन्याहून पिवळं, कारण दोन भाषांत दोन वेगळे वर्ग बोलतात आणि आम्हाला दिवसभरात मालकांशी गप्पा मारता आल्या, भाडेकरूंशी नाहीत, ही त्या सहलीतली सगळ्यात मोठी उणीव, आणि ती आम्हाला तिथं असताना कळलीसुद्धा नाही. जेवण तिथंच करायचं, डबे फक्त पोरांपुरते. टॉवर बघायचाच तर शेवटी, गल्ली बघून झाल्यावर, म्हणजे वरून खाली बघताना त्या दाट चौकोनांत काय आहे ते माहीत असेल. हा मुद्दा टॉवरवाल्या नाराज मंडळींचा, आणि मला तो मान्य आहे.

आर्किटेक्चर बघायचं म्हणजे काय ह्यावर मात्र एकमत नाही. आर्किटेक्ट मुलगी म्हणते की तुम्ही लोकांनी शेवटी सगळं भाडं आणि मालकी ह्यावर नेलं, लिफ्ट कशी बसवली हे कोणाला आठवतही नाही. तिचं दुःख खरं आहे, तिनं तीन आठवडे खपून नकाशे केले होते.

परत येताना फुतियेनला रात्री साडेआठ. पुन्हा तशाच लाइनी. कार्डवाले गेटमधून पटपट निघाले, व्हिसावाले एका बाजूला, काका परत बोटं पुसत उभे. आंटींना त्यांच्या कार्डावर दहा सेकंदांत जाता आलं असतं, त्या गेल्या नाहीत, काकांची रिकाम्या डब्यांची पिशवी हातात घेऊन लाइनीच्या बाजूला उभ्या राहिल्या, गार्डनं दोनदा हटकलं तरी. काकांचे ठसे तिसऱ्या वेळी उमटले.

आता पुढच्या सहलीचा विषय निघालाय. ग्वांगझोउजवळ नानहाइला अर्बनसनंच 2008 मधे एक गोल बिल्डिंग केलीय, कमी पगाराच्या लोकांसाठी भाड्याच्या खोल्या. फूजियानमधली हक्का लोकांची ती मोठी गोल मातीची घरं, तुलोउ, तीच कल्पना आजच्या शहरात आणायचा प्रयत्न, बाहेर गोल आणि आत मधोमध चौकोनी. हक्का ह्या शब्दाचा अर्थच पाहुणी कुटुंबं, शेकडो वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेली आणि अजून पाहुणीच म्हणवली जाणारी. मुलीनं ग्रुपवर फोटो टाकले, मतदान लावलं, 16 जणांचं हो आलं. काका आता मुंबईला परत गेलेत पण ग्रुपमधे आहेत, त्यांनी रात्री उशिरा एक मेसेज टाकला: "तिथे लोक राहतात ना अजून? मग आधी त्यांना विचारा, येऊ का म्हणून." मुलगी आता तिथल्या कोणाशी ओळख निघतेय का ते बघतेय, आंटींची एक भाची ग्वांगझोउला आहे, मँडरिन आणि कँटोनीज दोन्ही बोलते.